वाळूत लागलेला ब्रेक

बायको चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून वळली आणि खुर्चीत बसलेल्या मास्तरांचा उजवा पाय फरशीवर दाणकन आपटला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"कुठे काय? मुंगी होती."

मुंगी नव्हती. ट्रेचा कोपरा चौकटीला लागणार असं मास्तरांना वाटलं होतं, आणि असं काही वाटलं की त्यांचा पाय त्यांना न विचारता ब्रेक लावून मोकळा होत असे. मास्तर म्हणजे शाळेचे मास्तर नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. उभी हयात त्यांनी शिकाऊ माणसांच्या शेजारच्या सीटवर काढली होती. त्या सीटच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो. शिकणारा भांबावला तर शिकवणाऱ्याने गाडी थांबवावी म्हणून. मास्तरांचा पाय त्या ब्रेकवर इतकी वर्षं राहिला होता की आता खाली ब्रेक नसला तरी त्याचं काम चालूच असे. सिनेमातली गाडी जोरात वळली की पुढच्या खुर्चीवरचा माणूस रागाने मागे बघायचा. न्हाव्याचा वस्तरा कानाजवळ आला की न्हाव्याची खुर्ची फिरून भिंतीकडे तोंड करायची. लोक तर असंही सांगत, की मास्तर एकदा गच्चीत उभे होते, त्यांना दोन ढग एकमेकांच्या अंगावर येताना दिसले, आणि खालच्या मजल्यावरचा पंखा निखळून पडला. पंख्याचं खरंखोटं पंख्याला माहीत. पाय मात्र खरा होता, आणि तो सगळ्यांना माहीत होता. एकट्या मास्तरांना सोडून.

"पाय जरा जागेवर ठेवा," बायको म्हणाली. "परीक्षा उद्या माझी आहे. तुम्ही कशाला नाचताय?"

"मी शांत आहे," असं म्हणत मास्तर उठले, खिडकीपाशी गेले, परत आले, बसले आणि पुन्हा उठले.

शांत राहण्यासारखं काही नव्हतंच. बायको परिचारिका होती. तिला फिरत्या दवाखान्यात नेमणूक मिळाली होती. स्वतः गाडी चालवत घरोघर जायचं आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांची औषधं-ड्रेसिंग बघायचं. हे काम तिला कधीपासून हवं होतं. अट एकच होती, लायसन. आणि ड्रायव्हिंग मास्तरांच्या बायकोला लायसन नव्हतं. चार वेळा ती परीक्षेला बसली होती. पहिल्यांदा कचऱ्याचा डबा आडवा झाला, मग एक कुंपण, मग एका दुकानाची पाटी आणि चौथ्या वेळी परीक्षक साहेबांची स्वतःची स्कूटर. उद्या पाचवी खेप. उद्या नापास झाली तर ती जागा दुसऱ्या बाईला जाणार होती.

"माझ्याबरोबर असतेस तेव्हा काय सुरेख चालवतेस," मास्तर हताशपणे म्हणत. "इतक्या वर्षांत माझ्या गाडीला ओरखडा नाही. हा साहेबच खडूस आहे. त्याच्याशेजारी बसून चालवायचं म्हणजे माणसाचे हातपायच गळतात."

साहेब खडूस होते की नाही कोण जाणे, पण ते बोलत नसत. परीक्षेला बसले की दोन्ही पाय सीटखाली ओढून घेत; आपल्या पायाला ब्रेक लावावा लागला तर उमेदवार नापास, असा त्यांचा खाक्या होता. नापास केलं हेसुद्धा ते तोंडाने सांगत नसत. चष्मा काढत आणि रुमालाने सावकाश पुसत. चष्मा उतरला की उमेदवारही उतरायचा.

आणि घोडं नेमकं इथेच अडलं होतं. त्याच दिवशी, रविवारी, समुद्रकिनाऱ्यावर वाळूतल्या फुटबॉलचा सामना होता, ड्रायव्हिंग स्कूल विरुद्ध साहेबांचं लायसन ऑफिस. स्कूलच्या मालकांना एक माणूस कमी पडत होता.

"मला नको," मास्तरांनी फोनवर सांगून बघितलं. "उद्या साहेबांसमोर हिची परीक्षा आहे. आज त्यांच्याशी कसं भिडायचं?"

"भिडू नका. नुसते उभे राहा," मालक म्हणाले. "वहिनींनाही आणा. तेवढीच हवा लागेल."

हौशी लोकांचा सामना असला तरी पंच मात्र हौशी नव्हते. ट्रॅफिक पोलिसातून निवृत्त झालेले शिट्टीकाका शिट्टी तोंडात धरूनच जन्मले असावेत. त्यांनी दोन्ही संघांना रांगेत उभं केलं, जणू सगळ्यांची कागदपत्रं तपासायची आहेत.

"नीट ऐका. हौसेचा खेळ आहे म्हणून हौसेने काहीही करायचं नाही. सगळ्यांनी अनवाणी. अंगठ्या, साखळ्या, घड्याळं उतरवा. चष्मा असेल तर दोरीने बांधा. मैदान म्हणजे ही निळी फीत आणि तिच्या खुंट्या. वाळू कुणाच्या डोळ्यांत उडवायची नाही. शिव्या द्यायच्या नाहीत. मनात द्या, पण ओठ हलवू नका, मला वाचता येतात."

"आणि फाऊल झाला तर?" मालकांनी विचारलं.

"ज्याला लागलं, फ्री किक त्यानेच मारायची. आपला नेमबाज पुढे केला, चालणार नाही. समोर भिंत करून उभं राहायचं नाही. मारणारा आणि गोलकीपर, मध्ये फक्त वारा. चेंडूखाली वाळूचा ढीग करून घ्यायला परवानगी आहे, पण पायाने, आणि ज्याचा त्याने. सामना संपला की हात मिळवायचे आणि आपण पाडलेले खड्डे आपण बुजवायचे."

"शेवटचा शब्द कुणाचा?"

"माझा. आत्ता म्हणालो तो धरून."

शिट्टी झाली. मालक गोलमध्ये उभे राहिले आणि मास्तरांना त्यांनी गोलच्या पुढे उभं केलं, दारापाशी कुंडी ठेवावी तसं. मास्तरांनी ठरवलं होतं की आपण कुणाच्या अध्यात नाही आणि मध्यात नाही. पण फुटबॉल आला की माणसं येतात. पॅन्टच्या घड्या घालून, चष्म्याला काळी दोरी बांधून, चेंडू ढकलत ढकलत साहेब स्वतःच समोरून आले. पायातली वाळू झाडत, वाकडेतिकडे होत, ते मास्तरांच्या रोखाने येऊ लागले. धडक होणार असं मास्तरांना वाटलं.

पाय खाली आला. साहेबांच्या अंगठ्यावर.

काकांची शिट्टी वाजली. साहेब एका पायावर उभे राहून समुद्राकडे बघत होते.

"माफ करा साहेब," मास्तर त्यांच्याभोवती फिरत म्हणाले. "चुकून झालं. घरचाच पाय समजा. हिची उद्या... म्हणजे तसं काही नाही, आपण खेळू."

फितीबाहेर उभ्या असलेल्या बायकोने डोळ्यांवर हात घेतला.

नियमाप्रमाणे फ्री किक साहेबांनीच मारायची होती. त्यांनी ती मारली. चेंडूपेक्षा वाळू जास्त लांब गेली. चेंडू जेमतेम कूस बदलल्यासारखा हलला आणि लायसन ऑफिसच्या मंडळींनी मनातल्या मनात शिव्या दिल्या. ओठ न हलवता.

थोड्या वेळाने साहेब पुन्हा चेंडू घेऊन आले. मास्तर घाईघाईने बाजूला झाले. साहेबही त्याच बाजूला झाले. मास्तर दुसऱ्या बाजूला झाले तर साहेबही तिकडेच. अरुंद बोळात दोन सभ्य माणसं समोरासमोर आल्यावर होतं तसं झालं, आणि शेवटी व्हायचं तेच झालं. ह्या खेपेला दुसरा अंगठा.

"मास्तर, सिग्नल बघून चालत जा जरा," शिट्टीकाका म्हणाले. "एकाच माणसाला दोनदा?"

आता मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ह्या दुखऱ्या अंगठ्यांनी साहेब उद्या गाडीत बसणार. सीटखाली पाय ओढताना त्यांना आपली आठवण येणार. ती पुसून टाकायची तर आज साहेबांचा एक तरी गोल झालाच पाहिजे. माणूस गोल मारतो तेव्हा अंगठा विसरतो. हा विचार मास्तरांना इतका पटला की ते गुडघ्यांवर बसले आणि साहेबांच्या चेंडूखाली दोन्ही हातांनी वाळूचा ढीग करू लागले. वर थोपटूनही दिला.

"ओ, काय चाललंय?" काका धावत आले. "ढीग ज्याचा त्याने करायचा असतो. तुम्ही तर त्यांच्या विरुद्ध आहात."

"विरुद्ध वगैरे काही नाही हो," मास्तर म्हणाले.

"मग काय आहात?"

काकांनी ढीग मोडायला लावला. मास्तर उलट्या पावलांनी मागे सरकत गोलपाशी गेले आणि मालकांच्या कानाशी लागले.

"मालक, हा आत जाऊ द्या."

"वेड लागलंय का? मागच्या सामन्यानंतर ह्या लोकांनी वर्षभर आपल्याला बघून 'वाळूत पोहायला येतं का' विचारलंय."

"माझ्या संसाराचा प्रश्न आहे."

"माझ्या नाकाचा आहे."

साहेबांनी किक मारली. चेंडू लोळत, थांबत, विचार करत गोलच्या दिशेने निघाला आणि वाटेतच त्याची उमेद संपायला लागली. मालक वाकून त्याची वाट बघत होते. मास्तरांना धीर धरवेना. चेंडू जवळून जाताना त्यांनी आकाशात एखादा पक्षी बघतोय असा चेहरा केला आणि टाचेने त्याला हळूच आत लोटलं. चेंडू मालकांच्या पायांमधून गेला आणि जाळीला टेकला.

"वा साहेब," मास्तरांनी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. "काय गोल मारलात."

लायसन ऑफिसची मंडळीसुद्धा वाजवेनात. सगळे साहेबांकडे बघू लागले. आणि साहेब बोलले. त्यांचा आवाज बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच ऐकला.

"हा गोल माझा नाही," ते म्हणाले. "ह्यांच्या टाचेचा आहे."

एवढं बोलून त्यांनी दोरीसकट चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसू लागले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आतापर्यंत नुसता अंगठ्याचा प्रश्न होता. आता तर परीक्षेच्या आदल्या दिवशी साहेबांना गोल चारल्यासारखं दिसत होतं. शिट्टीकाकांनी खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि चलान फाडल्याच्या तोऱ्यात मास्तरांच्या नाकासमोर धरलं.

"मुद्दाम हरणं हेसुद्धा गैरवर्तनच. समोरच्याचा अपमान होतो तो. गोल धरतोय, पण तुम्हाला ताकीद."

"बाहेर या," मालक ओरडले. "आत्ताच्या आत्ता बाहेर या."

"पण बदली कोण आहे आपल्याकडे?"

मालकांनी फितीकडे बघितलं. फितीपलीकडे एकच माणूस उभं होतं आणि ते पदर खोचत होतं.

"वहिनी, येता?"

"येते. आणि ह्यांना बसवा कुठेतरी," बायको चपला काढत म्हणाली. मास्तरांच्या शेजारून जाताना ती हळू आवाजात म्हणाली, "चार वेळा मी माझी मी नापास झाले होते. आज तुम्ही मला परीक्षेआधीच नापास केलंत."

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"तिथे उभे राहा. हलू नका."

लायसन ऑफिसमधल्या एकाने बाईमाणसाने खेळण्याबद्दल कुरकूर केली. काका म्हणाले, "नियमात 'खेळाडू' आहे. बाई की बुवा ते नियमात नाही. अंगठी काढा बाई, बांगड्याही."

दोन्ही अंगठे सुजल्यामुळे साहेब आता लायसन ऑफिसच्या गोलमध्ये जाऊन उभे राहिले होते. इकडे मास्तर फितीवर उभे होते, कोपऱ्यातल्या लाकडी खुंटीपाशी, आणि बायको काय खेळत होती म्हणून सांगू. दवाखान्याच्या लांब ओसरीत दिवसभर ह्या खाटेपासून त्या खाटेपर्यंत धावलेले पाय ते. वाळू त्यांना सतरंजीसारखी. तिने एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, तिसरा आपणहून पडला.

"हळू," मास्तर फितीवरून म्हणाले. "हळू घे. समोर बघ. अगं, समोर साहेब आहेत."

"बाहेरून सूचना देऊ नका," काका धावता धावता म्हणाले.

बायको गोलच्या रोखाने सुसाट निघाली. साहेब दोन्ही हात पसरून पुढे आले. अंतर कमी होत गेलं. बायकोचा वेग कमी होईना. मास्तरांना कचऱ्याचा डबा दिसला, कुंपण दिसलं, स्कूटर दिसली.

त्यांनी जन्मात लावला नव्हता असा ब्रेक लावला. खाली खुंटी होती.

कड् असा आवाज झाला आणि त्याच क्षणी गोलमध्ये धप्प असा आवाज झाला. चेंडू बाहेर गेला होता. बायको, साहेब आणि जाळी यांचं एक गाठोडं झालं होतं, आणि त्यातून आधी चष्मा बाहेर आला, मग साहेब.

"बाई," साहेब वाळू थुंकत म्हणाले. "ही पाचवी वेळ. तुम्ही थांबत का नाही?"

"थांबते की," बायको धापा टाकत म्हणाली. "आता धावताना नाही जमलं, पण गाडीत थांबते. समोर काही आलं की गाडी थांबतेच. फक्त तुम्ही शेजारी असलात की थांबत नाही."

"कुठला पाय दाबता?"

"दाबायला लागतच नाही. मी नुसता टेकवते, तेवढ्यात ती थांबलेली असते. हे म्हणतात, हात बसला की गाडी आपलं मन ओळखते."

साहेबांनी हळूच मान वळवली. काकांनी वळवली. मालकांनी, सगळ्या खेळाडूंनी वळवली. कोपऱ्यात मास्तर उभे होते. त्यांचा उजवा पाय घोट्यापर्यंत वाळूत रुतलेला होता, खुंटी तिरकी झाली होती आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"मुंगी होती," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले.

पण नियम म्हणजे नियम. बाईंनी गोलकीपरला धडक दिली होती, म्हणून फाऊल. आणि लागलं साहेबांना, म्हणून किकही साहेबांचीच. साहेबांनी दुखऱ्या पायांनी स्वतःच वाळूचा ढीग केला, शांतपणे, कुणाची मदत न घेता. तिकडच्या टोकाला गोलमध्ये मालक पोट धरून हसत होते, इतके की त्यांना किनारा दोन-दोन दिसत होता. साहेबांनी किक मारली. समुद्रावरून वारा आला, चेंडू वर गेला, वाटेत एका बगळ्याला आश्चर्यात पाडून खाली उतरला आणि हसणाऱ्या मालकांच्या डोक्यावरून जाळीत गेला. हा गोल मात्र साहेबांचाच. ते हसले नाहीत, पण बराच वेळ तिकडे बघत राहिले.

सामना संपल्यावर सगळ्यांनी नियमाप्रमाणे हात मिळवले आणि खड्डे बुजवले. मास्तरांचा खड्डा बायकोने बुजवला.

मास्तरांना दवाखान्यात न्यायला मालक गाडीत बसायला लागले, तर बायकोने किल्ली घेतली. "मी नेते. शिकाऊची पाटी आहे, लायसनवाला माणूस शेजारी आहे, आणखी काय पाहिजे?"

मास्तर नेहमीच्या सीटवर बसले. पण पाय टम्म फुगला होता आणि तो टॉवेलात गुंडाळून समोरच्या काचेपाशी वर ठेवावा लागला होता. पहिल्याच चौकात एक दूधवाला सायकल घेऊन आडवा आला. टॉवेलातला पाय हवेतच थरथरला. गाडी चालत राहिली.

"अहो, थांबत नाहीये," बायको म्हणाली.

"तू थांबव."

"कशी?"

"पाय दाब."

"कुणाचा?"

"तुझा, तुझा, मधला ब्रेक, जोरात दाब."

तिने दाबला. दूधवाल्याच्या कॅनपासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. दूधवाला काहीतरी म्हणाला, ओठ हलवून. बायको मात्र आपल्याच पायाकडे बघत बसली होती.

"म्हणजे हे असं असतं होय," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही होतात तर."

दवाखान्यापर्यंत ती दर चौकात थांबली. थांबायची गरज नव्हती तिथेही दोनदा थांबली, नुसती मजा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब लंगडत आले, गाडीत बसले आणि पाय सीटखाली ओढताना कळवळले. बायकोने गाडी काढली. कचऱ्याचा डबा उभाच राहिला. कुंपण उभंच राहिलं. आतून एक मूल चेंडूमागे रस्त्यावर धावलं तेव्हा ती वेळेवर थांबली आणि मूल चेंडू घेऊन परत गेलं. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि ऑफिसच्या फाटकापाशी वळताना साहेबांनी चष्मा काढला.

तिने ब्रेक दाबून गाडी थांबवली. "साहेब, काय चुकलं?"

साहेब काच पुसत होते. "काही नाही," ते म्हणाले. "वाळू आहे अजून."

लायसन मिळालं, नेमणूक मिळाली. बायको फिरत्या दवाखान्याची पांढरी गाडी घेऊन गावभर जाऊ लागली. मास्तरांच्या अंगठ्यामागचं हाड मोडलं होतं. गुडघ्याखालपर्यंत जाडजूड प्लास्टर घातलं होतं. तरीही मालकांनी त्यांना रजा दिली नाही. शेजारच्या सीटवर बसून तोंडाने शिकवायचं, एवढंच काम. मास्तर प्लास्टरमधला पाय दारापाशी लांब करून बसत, डोळे मिटून घेत आणि केविलवाण्या आवाजात सांगत, "तुमचं तुम्ही बघा बाबा, माझ्याने काही होणार नाही." शिकणारे घाबरत आणि स्वतःचा ब्रेक शोधत. त्या तुकडीतले झाडून सगळे पहिल्या खेपेला पास झाले. असं ह्या स्कूलमध्ये कधी घडलं नव्हतं. लांबलांबून माणसं मास्तरांचं नाव सांगत यायला लागली.

पुढे एके दिवशी मालक फळांची पिशवी घेऊन घरी आले. मास्तर आत खिडकीपाशी बसले होते. बायको कामाला निघाली होती, तिला मालकांनी फाटकापाशीच गाठलं.

"वहिनी, एक विचारू? प्लास्टर कधी निघणार?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "घाई नाही ना?"

"अजिबात नाही," बायको गाडीत बसत म्हणाली. "हाड तर केव्हाच जुळलंय. सवय मोडायची आहे अजून."

तिने आरसा बघितला, मागे बघितलं आणि पांढरी गाडी उलटी घेत फाटकाच्या खांबाच्या अगदी जवळ आणली. घरातून प्लास्टर फरशीवर आपटल्याचा धप्प असा आवाज आला.

गाडी थांबली होती. पण ती आवाजाच्या आधीच.